बिनखांबाची तालीम

गुणाक्काला साधा भात लावता येत नव्हता. खाली करपायचा आणि वर कच्चा राहायचा, दोन्ही एकाच पातेल्यात. तरीही १९४६ साली सांगलीत जो नवा बंगला उभा राहायचा, त्याचं स्वयंपाकघर गुणाक्कानंच काढलेलं असायचं.

तिचं पूर्ण नाव गुणमाला वर्धमान आडमुठे. आडनाव असं, आणि ती आडनावाला पुरेपूर जागणारी. तिचे वडील वर्धमान आडमुठे हळदीचे व्यापारी. पेठेत सगळे त्यांना आप्पा म्हणत आणि तिला गुणाक्का, म्हणून मीही तेच म्हणते.

हळद साठवायला हरिपुरात जमिनीत पेवं खणलेली असतात. तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढं, आणि आत खोलीएवढी पोकळी. लहान असताना गुणाक्कानं हट्ट धरला, मला आत जायचंय. आप्पांनी पेव दिवसभर उघडं ठेवलं, कंदील सोडून आतली हवा बघितली आणि मग पोरीला टोपलीत बसवून दोरानं खाली सोडलं. वर आली ती नखशिखांत पिवळी.

"आप्पा, खाली घर हाय!" ती ओरडली. "उलटं घर! दार वर, आन् खांब एक पण न्हाई!"

हमाल पोट धरून हसले. आप्पा मात्र हसले नाहीत. पोर खाली काय बघून आली, हे बघायला ते स्वतः टोपलीत बसले, आणि त्यांना वर ओढताना हमालांचं हसणं बंद झालं, कारण आप्पा चांगलेच वजनदार होते.

पुढं ही पोर मुंबईला आर्किटेक्ट व्हायला गेली. वर्गात मुलगी म्हणून ती आणि एक पारशीण. पारशीण लग्न होऊन गेली आणि उरली ही एकटी. शिक्षक मुलांना नाटकगृह, स्टेशन, कचेरी असली कामं द्यायचे आणि हिला म्हणायचे, "तुम्ही बालवाडी करा." ती बालवाडी करायची, आणि तिच्याखाली दुसऱ्या कागदावर स्टेशन. दोन्ही देऊन टाकायची. शेवटी शिक्षक कंटाळले आणि तिला नुसतं स्टेशन द्यायला लागले.

डिप्लोमा घेऊन ती सांगलीला परतली, तेव्हा आप्पांनी तो चौकटीत घालून दुकानात तराजूच्या वर टांगला. गिऱ्हाइकांना वाटलं, हळदीचं नवं लायसन आलं.

सांगलीत बांधकामाचं मोठं नाव म्हणजे नानासो बेडगकर. धिप्पाड गृहस्थ, मनानं चांगले, तपकिरीचे शौकीन. त्यांनी गुणाक्काला लगेच नोकरी दिली, आणि बाईमाणसाची सोय म्हणून तिचं टेबल लाकडी पडद्याच्या आड लावलं. खिडकीशेजारची टेबलं पुरुषांना.

पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "दर्शनी भाग हे लोक करतील. स्वयंपाकघर तुम्ही."

"नानासो, मला चूल पेटवता येत नाही."

"पेटवायची कुठं आहे? काढायची आहे." नानासोंनी चिमूट नाकात भरली आणि दणदणीत शिंकले. विषय संपला.

मग ती स्वयंपाकघरं काढत बसली. तिची स्वयंपाकघरं भलतीच चांगली निघाली. धूर नेमका वर जायचा, उजेड नेमका ओट्यावर पडायचा. गावातल्या बायका नानासोंच्या घरी येऊन कौतुक करून जायच्या आणि नानासो ते कौतुक तपकिरीसारखं ओढून घ्यायचे. नकाशाच्या कोपऱ्यात सही त्यांचीच. बांधकामावर जायचं म्हटलं तर, "तिथं गवंडी असतात, शिव्या देतात."

"मलाही येतात," गुणाक्का म्हणाली. "कानडीतसुद्धा."

पण नानासोंनी तिला जाऊ दिलं नाही. वर्षभरात तिनं एवढ्या चुली काढल्या, आणि त्यातली एकही बांधून झालेली बघितली नाही.

एके दिवशी कचेरीत सुभेदार लालासाहेब आले. कडेगावापलीकडच्या करंजवाडीचे. इटलीतल्या लढाईवरून परतलेले, भरघोस मिशांचे, आणि आवाज असा की कुजबुजले तरी रस्त्यावर ऐकू जावं. करंजवाडीतून घरटी एक पोरगा पलटणीत गेला होता. जे परत आले त्यांनी ठरवलं, जे आले नाहीत त्यांच्या नावानं गावात कुस्तीची तालीम बांधायची. नकाशा नानासोंनी काढून दिला होता, आणि लालासाहेब तो परत घेऊन आले होते.

"आवं नानासो, कुस्तीच्या हौदाच्या चारी कोपऱ्यांला ह्ये खांब कशापायी?"

"छप्पर कशावर ठेवू?"

"पर पैलवानानं ढाक मारली तर समोरचा थेट खांबावर! ती कुस्ती न्हाई, कत्तल हुईल. आमास्नी खांब नको."

नानासो समजावू लागले. लढाई संपली तरी सिमेंट परमिटवर होतं. लोखंडी गर्डर बघायलाही मिळत नव्हता. आणि एवढ्या रुंदीला पुरेल असली लाकडी तुळई कुठल्या रानातून आणायची? खांबाशिवाय छप्पर होणे नाही.

"होईल," पडद्यामागून आवाज आला.

लालासाहेबांनी पडद्याकडं बघितलं. केसात पेन्सिल खोचलेली एक तरुण बाई बाहेर आली. तिनं एका चुलीचा नकाशा उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर एक धनुष्य काढलं. धनुष्याच्या पोटात आडव्यातिडव्या फळ्यांची जाळी भरली.

"लांब तुळई नकोच. लहान लहान फळ्या घ्यायच्या आणि जाळीसारख्या एकमेकींना खिळायच्या. सगळ्या मिळून एक कैची. अशा कैच्या या भिंतीवरून त्या भिंतीवर ठेवायच्या. मध्ये काही नाही. मोकळं!"

लालासाहेब कागदावर वाकले आणि एकदम ओरडले, "हे म्या बघितलंय! इटलीत, इमानाच्या गोदामाला! बाँब पडला तरी निम्मं हुबंच हुतं!"

"निम्मं," नानासो म्हणाले.

"आवं, बाँब पडला हुता!"

नानासोंनी डबी काढली, तिच्याशी चाळा केला, परत ठेवली. मग त्यांना एकदम हायसं वाटावं असं कारण सापडलं. "पण सुभेदार, ही तालीम आहे. तालमीत बाईमाणसाला पाऊल टाकता येत नाही. देखरेख कोण करणार?"

लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. खरंच पेच होता. तालमीत मारुती असतो. बाईची सावली चालत नाही.

"मारुती कवा बसवायचा?" गुणाक्कानं थेट त्यांच्याच बोलीत विचारलं.

"समदं झाल्यावर. हनुमान जयंतीला."

"मग तोवर ती तालीम कुठाय? तोवर नुसतं रान हाय. रानात बाया भांगलतात की!"

लालासाहेबांच्या हसण्यानं टेबलावरचे कागद हलले. नानासोंनी हात टेकले. पण गुणाक्का तिथं थांबली नाही. "नानासो, या कामाच्या नकाशावर माझं नाव, आणि जागेवर माझा पाय. दोन्ही."

"पायाचं ठीक आहे," नानासो म्हणाले. "नावाचं बघू. छप्पर पडलं तर?"

"तर माझं नाव मोठ्या अक्षरात लिहा."

त्या हिवाळ्यात गुणाक्का सर्व्हिस मोटारीनं करंजवाडीला जायला लागली. मोटार ओढ्यात अडकायची, चढाला थांबायची, उतारू उतरून ढकलायचे. गुणाक्का सगळ्यांत पुढं. वर्षभर पडद्याआड बसलेली ती, आता उसाच्या रानांतून वारा खात जाताना ओळखू येऊ नये इतकी खुलली. आप्पांना वाटलं, पोरगी आजारी आहे. इतक्या आनंदात माणसं राहत नाहीत.

तालमीच्या भिंती गावानं तोवर निम्म्यावर आणल्या होत्या. पहिल्या दिवशी अख्खी करंजवाडी तिला बघायला जमली. गुणाक्का गोल पातळ नेसलेली, मुंबईच्या पद्धतीचं. तशीच ती बांबूच्या परांचीची शिडी चढायला लागली, तेवढ्यात मनुबाई नावाच्या म्हातारीनं तिचा पदर मागून धरला.

"उतर खाली. ह्या असल्या पातळात वर चढलीस तर तू ऱ्हाशील बाजूला, समद्या गावाची अब्रू खाली पडंल."

मनुबाईनं तिला घरात नेलं, स्वतःचं हिरवं लुगडं काढलं आणि घट्ट कासोटा मारून नेसवलं. "आता चढ, कुटं चढायचं तिकडं."

गुणाक्का वानरासारखी सरसर चढली. भिंतीच्या माथ्यावर उभी राहून तिनं दोन्ही हात पसरले. सगळ्या शिवारावर ऊस डोलत होता. खाली लढाईवरून आलेली पोरं होती, त्यांतल्या कुणीतरी नकळत सलाम ठोकला. मग सगळ्यांनीच ठोकला. तेव्हापासून ती करंजवाडीची इंजनेरबाई झाली.

लाकडाचा प्रश्न लालासाहेबांनी सोडवला. लढाई संपल्यावर लष्कराचे पेटारे लिलावात निघत होते. त्यांनी ट्रकभर पेटारे आणले. फळ्या झकास होत्या, फक्त त्यांच्यावर काळ्या इंग्रजी अक्षरांत 'ही बाजू वर' असं छापलेलं होतं. गुणाक्का म्हणाली, रंधा मारून अक्षरं काढायची नाहीत, फळी पातळ होते. राहू देत.

कुरबुर केली ती नाथाजी सुतारानं. नाथाजीच्या हातचं आढं पंचक्रोशीत प्रसिद्ध. पहिली कैची खिळून तयार झाली, तसा तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"बाई, तुमचा मान हाय. पर ह्या काडक्यांवर चिमणी बसंल, छप्पर न्हाई. म्या वर चढवणार न्हाई. उद्या पोरांच्या टाळक्यात पडलं तर?"

गुणाक्काला राग आला नाही. प्रश्न रास्तच होता. तिनं दोन दगडी चौथरे रचून घेतले, त्यांच्यावर कैची आडवी ठेवली, कमरेएवढ्या उंचीवर, कलंडू नये म्हणून दोन्ही अंगांनी दोर ताणून बांधली. आणि स्वतः मधोमध जाऊन बसली.

"तुमी हलक्या," नाथाजी म्हणाला.

"मग जड माणूस आणा."

गावातलं सगळ्यांत जड माणूस म्हणजे गुंडा पैलवान. गुंडा बसला की बैलगाडीचे बैल मागं वळून बघायचे. तो आला, लाजत लाजत शेजारी टेकला. कैचीनं हूं की चूं केलं नाही. मग दुसरा पैलवान, मग तिसरा. मग सगळी तालीमच आली. वर जागा संपली तशी पोरं खालून जाळीला लोंबकळली. कैची एकदा करकरली. नाथाजीनं डोळे मिटले. कैची किंचित वाकली आणि तिथंच ठाम राहिली.

त्या शांततेत गुंडा पैलवानाला उचकी लागली.

उचकीनं गुंडा हलला, गुंडा हलला म्हणून कैची हलली, आणि कैची हलली म्हणून ओळीनं सगळे पैलवान वरखाली झाले. कुणीतरी फिसकन हसलं. हसण्यानं आणखी हलली. मग कुणालाच आवरेना. सगळे हसत होते म्हणून कैची झुलत होती आणि कैची झुलत होती म्हणून सगळे हसत होते. मधोमध हिरव्या लुगड्यातली गुणाक्का डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती आणि हसताहसता ओरडत होती, "नाथाजी, डोळे उघडा! आवं, बघा तरी!"

नाथाजीनं एक डोळा उघडला. मग दुसरा. मग डोक्याचं मुंडासं काढून त्यानं हवेत उडवलं आणि स्वतःच कैचीवर उडी मारली.

"आमी बी बसणार!" कुंपणापलीकडून मनुबाई ओरडली. पैलवान उतरले आणि गावच्या बाया चढल्या, एकमेकींचे हात धरून, किंचाळत, हसत.

सगळं शांत झाल्यावर मनुबाई कैचीवर पाय हलवत तशीच बसून राहिली. गुणाक्का तिच्या शेजारी बसली.

"माझा आकाराम लय भारी कुस्ती मारायचा म्हनं," मनुबाई म्हणाली. आकाराम तिचा मुलगा. इटलीत गेला तो परत आला नाही. त्याचंही नाव या तालमीच्या दगडावर येणार होतं.

"म्हणजे? तुम्ही बघितली न्हाई?"

"कशी बघनार? बायामानसं जात्यात व्हय? म्या परड्यात बसून भाकरी करायची आन् कान द्यायची. लय गलका झाला, की वळखायचं, जिकला." ती हसली. "लय गलका व्हायचा गं."

ती हे रडतरडत म्हणाली असती तर गुणाक्कानं तिचं सांत्वन केलं असतं. पण ती अभिमानानं म्हणाली. गुणाक्का उठली आणि भिंतीभोवती चालायला लागली. एक फेरी, दुसरी फेरी. मग धावतच गावकऱ्यांशी बोलत उभ्या असलेल्या धुळा वस्तादांकडं गेली. वस्ताद म्हणजे तालमीचे गुरू, पांढऱ्या मिशांचे, नियमाला कडक.

"वस्ताद, बाईनं तालमीत यायचं न्हाई. मान्य."

"मान्य करायला काय झालं? ह्योच नेम हाय."

"पर तालीम कुठनं कुठपर्यंत?"

"ह्या भितीपास्नं त्या भितीपत्तूर."

"भिंतीच्या बाहेर?"

"भाईर काय बी करा की."

"आन् वर?"

"वर आभाळ हाय," वस्ताद वैतागले. "आभाळाला कोन बंदी करतंय?"

गुणाक्कानं त्यांना वाकून नमस्कार केला आणि कोळशाचा तुकडा घेऊन भिंतीवर चित्र काढायला लागली. भिंतीच्या बाहेरच्या अंगानं एक लांब सज्जा. त्याला जिना बाहेरूनच. आणि सज्ज्यासमोर भिंतीला ओळीनं रुंद खिडक्या, थेट हौदावर उघडणाऱ्या.

"पाय बाहेर, डोळे आत," ती लालासाहेबांना म्हणाली.

लालासाहेब चित्राकडं बघत राहिले. मग त्यांनी वस्तादांकडं बघितलं. वस्तादांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. गावासमोर दिलेला शब्द फिरवायचा तरी कसा? त्यांनी मिशीचं टोक चावलं, सोडलं आणि म्हणाले, "वाऱ्यालाबी खिडकी लागतीच म्हना."

सत्तेचाळीसच्या हनुमान जयंतीला सकाळी मारुती बसला आणि गुणाक्का तालमीच्या बाहेर झाली. आदल्या संध्याकाळी ती आतून एकदा फिरून आली होती, छपराकडं बघत, मान दुखेपर्यंत. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण वेळच मिळाला नाही, कारण आप्पा सांगलीहून हळदीची पोती घेऊन आले. हौदाच्या लाल मातीत तेल, ताक आणि हळद घालून ती मळतात. आप्पा म्हणाले, पोरीच्या पहिल्या कामाला माझी हळद. ते धोतर वर खोचून हौदात उतरले, पैलवानांबरोबर माती तुडवायला लागले, आणि बाहेर आले ते नखशिखांत पिवळे. गुणाक्काला भिंतीचा आधार घेऊन हसावं लागलं.

दुपारी कुस्त्या लागल्या. सज्जा बायांनी इतका भरला की जिन्यावरही बाया. मनुबाई मधल्या खिडकीत. तिच्या शेजारी वस्तादांची बायको साळूबाई, एरवी तोंडातून शब्द न काढणारी.

पहिल्याच कुस्तीत वस्तादांचा पठ्ठ्या अडचणीत आला. वस्ताद काही बोलायच्या आत वरून आवाज कडाडला, "आरं मुडद्या, डावा पाय धर की! डावा!"

पठ्ठ्यानं डावा पाय धरला. समोरचा चारी मुंड्या चीत. सगळी तालीम वर बघायला लागली. वस्तादांनीही बघितलं. साळूबाईनं पदर तोंडाला लावला. आयुष्यभर जेवताना नवरा डावच बोलत आला होता. ऐकून ऐकून तिला सगळे पाठ झाले होते.

चीत झालेला पैलवान मात्र उठेना. तो पाठीवर पडूनच छपराकडं बोट दाखवत हसत होता. पलटणीत दोन इंग्रजी शब्द शिकून आलेला गडी. त्याच्या बरोबर डोक्यावर फळीवर छापलं होतं, 'ही बाजू वर'.

"सुभेदार," तो ओरडला, "छप्पर मला हुकूम सोडतंय!"

बायांमधून हास्याची लाट उठली आणि मनुबाई तर खिडकीची चौकट बडवत होती. पुढची प्रत्येक कुस्ती ती उभी राहून बघत होती आणि प्रत्येकाच्या नावानं ओरडत होती, हरला तरी आणि जिंकला तरी.

नानासोही आले होते. साताऱ्याहून बडी मंडळी आली होती, ती छप्पर बघून त्यांचे हात हातात घेत होती. "वा नानासो, खांबाशिवाय! कमाल केलीत!" आणि नानासो सवयीनं मान डोलावत होते. गुणाक्कानं सज्ज्यावरून ते बघितलं. एवढ्यात लालासाहेब हौदाच्या काठावर उभे राहिले. कर्ण्याची त्यांना गरज नव्हतीच.

"मंडळी! ह्ये छप्पर जिनं काढलं, ती इंजनेरबाई गुणमाला आडमुठे हितं आत न्हाई! ती वर हाय! समद्यांनी वर बघा!"

सगळ्यांनी वर बघितलं. पैलवानांनी मांड्यांवर शड्डू ठोकले. तो आवाज बिनखांबाच्या छपराखाली असा घुमला की गुणाक्काला खिडकीचा गज धरावा लागला. साताऱ्याच्या मंडळींनी नानासोंकडं बघितलं. नानासो एकदा शिंकले आणि म्हणाले, "हो. त्यांनीच."

दुसऱ्या दिवशी कचेरीत ते स्वतः पडद्याआड आले. "गुणमालाबाई, यापुढं तुमचं नाव नकाशावर. माझ्या खाली."

"शेजारी."

"खाली. पण मोठ्या अक्षरात."

"बारीक अक्षरात चालेल, नानासो. पण शेजारी."

नानासोंना ते जमेना. वाईट मनुष्य नव्हते. फक्त इतकी वर्षं त्या कोपऱ्यात ते एकटेच राहत होते. गुणाक्कानं पेन्सिली गोळा केल्या, त्यांना वाकून नमस्कार केला आणि निघाली. आप्पांनी विचारलं, आता काय? ती म्हणाली, साताऱ्याला जाते. तिथं मंडळींनी छप्पर बघितलंय.

साताऱ्यात एका गल्लीत माडीवर तिनं कचेरी थाटली. पाटी लावली, 'गुणमाला आडमुठे, आर्किटेक्ट'. पहिलं गिऱ्हाईक महाबळेश्वरचं, हॉटेल बांधायचं होतं. गृहस्थ आत आले, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "साहेब कुठायत?"

"येतील. बसा."

गुणाक्का आतल्या खोलीत गेली. मागच्या दारानं जिना उतरली, गल्लीला वळसा घातला, पुढच्या जिन्यानं वर आली आणि खुर्चीत बसली. जराशी धापा टाकत म्हणाली, "आले. बोला."

गृहस्थ हसायला लागले ते थांबेनात. काम तिलाच मिळालं. महाबळेश्वरच्या पावसात टिकेल असं उतरतं, भक्कम छप्पर तिनं तिथं घातलं, आणि दर्शनी भागसुद्धा स्वतःच काढला. मग पाचगणीला एक वसतिगृह, साताऱ्यात एक छापखाना, कडेगावला दवाखाना. एके दिवशी सांगलीहून निरोप आला. नानासोंना एका मोठ्या कामात भागीदार हवा होता. निरोप्या म्हणाला, "शेजारी चालेल, असं सांगितलंय." ते काम दोघांनी केलं. दोन नावं एका ओळीत. साइटवर नानासो तिच्या मागं परांची चढताना धापा टाकायचे आणि ती वरून हात द्यायची.

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात मुंबई-पुण्याकडच्या आर्किटेक्ट लोकांचं संमेलन महाबळेश्वरात भरलं. गुणाक्का सभासद झाली होती. अर्ज दोनदा परत आला होता, तिनं तिसऱ्यांदा केला होता. बोलावणं आलं, 'सभासदांनी पत्नीसह भोजनास यावे'.

"आता पत्नी कुठून आणू?" गुणाक्कानं आप्पांना विचारलं.

आप्पांनी नवा रुमाल बांधला, उपरणं घेतलं आणि म्हणाले, "मी येतो की."

दुपारची वेळ, झाडांखाली टेबलं मांडलेली. दारातल्या माणसानं आप्पांना अदबीनं वाट दिली आणि गुणाक्काला म्हणाला, "बायकांची बसायची व्यवस्था पलीकडे आहे."

"सभासद ही हाय," आप्पा म्हणाले. "बायकोच्या जाग्यावर मी आलोय. मी पलीकडं बसतो."

आणि ते खरंच गेले. सगळ्या आर्किटेक्टांच्या बायकांमध्ये रुमालवाले आप्पा जाऊन बसले आणि त्यांनी हळद कशी ओळखावी ते सांगायला सुरुवात केली. थोड्याच वेळात तिकडचं हसणं इकडं ऐकू यायला लागलं.

इकडं अध्यक्ष बोलायला उठले. "सभ्य गृहस्थहो," ते म्हणाले, आणि थांबले. समोरच्या रांगेत गुणाक्का बसली होती, सरळ त्यांच्याकडं बघत. त्यांनी घसा खाकरला. "सभ्य गृहस्थहो, आणि... बाई."

"बायांनो म्हणा," गुणाक्का बसल्या जागेवरून म्हणाली. "आत्ताच सवय करून घ्या. पुढं सोपं जाईल."

क्षणभर कुणालाच कळेना, हसायचं की रागवायचं. मग मागच्या रांगेतून टाळी आली. विद्यार्थ्यांच्या बाकांवर दोन मुली होत्या, एक पुण्याची आणि एक कोल्हापूरची. त्या उठून उभ्याच राहिल्या होत्या. अध्यक्षांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "बायांनो आणि गृहस्थहो."

पलीकडच्या टेबलावरून आप्पांनी मान उंच करून विचारलं, "काय झालं गं? कशाच्या टाळ्या?"

त्यांना सांगायला ती कोल्हापूरची मुलगी धावतच गेली.